गांजा-भांगेच्या देशी वाणांचा इतिहास नाशिकमध्ये बसून कसा शोधायचा

सिंहस्थ जवळ यायला लागला की त्र्यंबक आणि तपोवनाच्या गप्पांमध्ये साधू, चिलीम, भांग हे सगळं येतंच, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं की आपल्याकडचं जुनं देशी वाण वेगळंच होतं, हजारो वर्षांचा वारसा आहे. वारसा आहे हे खरंय. पण कुठलं वाण, कुठे व्हायचं, कोण पिकवायचं, कशासाठी पिकवायचं आणि हे सगळं कशावरून म्हणायचं, एवढं विचारलं की सगळे गप्प होतात. मला हे फार लागतं, कारण आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात हे सरकारी परवान्याने घेतलं जाणारं पीक होतं, त्याच्या साक्षी छापलेल्या आहेत, आणि तरीही आपल्याकडे कोणी ते उघडून वाचत नाही. सगळं लक्ष हिमाचलच्या मलाणा नाहीतर केरळच्या इडुक्कीकडे.

तर ज्यांना खरंच शोधायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. झाड लावायचं कसं ते इथे नाहीये आणि कमेंटमध्येही विचारू नका. हे कागदांचं आणि माणसांचं काम आहे.

सगळ्यात आधी कायदा, कारण तो माहीत नसताना गावात गेलात तर दुसऱ्यालाही अडकवाल

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे किंवा फळधारणा झालेले शेंडे. नुसतं पान आणि बी, शेंड्यांशिवाय असेल तर, त्या व्याख्येत येत नाही, म्हणूनच काही राज्यांमध्ये भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. पण म्हणून महाराष्ट्रात भांग मोकळी आहे असं समजू नका, इथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो आणि परवान्याशिवाय भांग बाळगणं हा गुन्हा आहे. झाड लावण्याबद्दल तर प्रश्नच नाही, विनापरवाना लागवडीला कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. सरकारला धागा, बी आणि बागकामासाठी लागवडीची परवानगी देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे, उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला तो याच वाटेने, पण तिथेही टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्याच्या आत पाहिजे. म्हणजे जुनी नशेची वाणं त्यात बसतच नाहीत.

आता संशोधन करणाऱ्याला जास्त महत्त्वाची आहेत कलम ४६ आणि ४७. जमीनमालकाने आपल्या जमिनीत असं झाड बेकायदा लावलेलं असेल तर लगेच कळवायचं, आणि सरकारी कर्मचारी, पंच, सरपंच यांना अशी लागवड कळली तर त्यांच्यावरही कळवण्याची जबाबदारी आहे. म्हणून तुम्ही सरपंचाला भर चावडीवर विचारलं की "दादा, तुमच्याकडे अजून कुठे गांजा होतो का हो", तर तुम्ही त्या माणसाला अवघड जागी उभं करताय. आजचं विचारायचंच नाही. जे गेलं त्याच्याबद्दल विचारायचं.

देशी वाण म्हणजे नेमकं काय

लँडरेस हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. आपल्याकडे त्याला गावरान म्हणतात आणि शेतकऱ्याला तो अर्थ आधीच माहितीये: एका भागात, तिथल्या पावसात आणि मातीत, पिढ्यान्‌पिढ्या बी धरून पेरत गेलेलं वाण. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, त्यांनी वाल-घेवडे आणि भाताची गावरान बियाणी अशीच जपली, आणि त्यांच्याकडे प्रत्येक बियाण्यासोबत त्याची माहिती पण असते, कुठलं, कधी पेरायचं, कशाला चांगलं. भांगेच्या झाडाबाबत आपल्याला यातली पहिली गोष्ट करताच येत नाही, बी पेरून जपणं कायद्यात बसत नाही. उरते ती दुसरी. माहिती. म्हणून ती तरी नीट जपली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

या झाडाचे दोन गुण लक्षात ठेवा म्हणजे पुढचं सगळं कळेल. एक, नर झाड वेगळं आणि मादी वेगळी, आणि परागीभवन वाऱ्यावर होतं, परागकण लांबलांब उडत जातात, म्हणजे शेजारच्या खोऱ्यात कोणी बाहेरचं बी आणून लावलं की तुमचं शेकडो वर्षांचं वाण दोनचार हंगामात भेसळ व्हायला लागतं. दोन, बहुतेक वाणांना फुलोरा दिवस लहान व्हायला लागला की येतो. आता नाशिक साधारण २० अक्षांशावर, उत्तराखंड ३० च्या आसपास, केरळ १० वर, तिन्ही ठिकाणी दिवसाची लांबी वेगळी, थंडी वेगळी, पाऊस वेगळा, म्हणून हिमालयातलं झाड थंडी पडायच्या आत आटपतं आणि केरळकडचं उंच, बारीक पानाचं, सावकाश फुलणारं होतं. वाण जागेने घडवलेलं असतं. त्यामुळे "देशी" एवढ्याने काही कळत नाही, कुठलं देशी ते सांगा.

पहिली पायरी: कागदात कुठलं झाड आहे ते ओळखा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून सविस्तर सांगते.

मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियर्स, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्ह्यांचे माहितीग्रंथ, उघडली, नाशिकचं १८८३ सालचं १६ व्या खंडात आहे, नगरचं १८८४ चं १७ व्या खंडात आणि खानदेशचं १८८० चं १२ व्यात, की शेतीच्या प्रकरणात तुम्हाला 'हेम्प' हा शब्द दिसतो आणि वाटतं, अरे वा, सापडलं. थांबा. या मालिकेत 'ब्राऊन हेम्प' म्हणजे अंबाडी आणि 'बॉम्बे हेम्प' म्हणजे ताग. 'डेक्कन हेम्प' असं कुठे दिसलं तरी ती अंबाडीच. आणि या दोन्हींचा भांगेच्या झाडाशी काहीही संबंध नाही, अंबाडी जास्वंदाच्या कुळातली आणि ताग शेंगावर्गातला, आपले द्राक्षवाले जो हिरवळीचं खत म्हणून पेरतात तोच. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे, पान भांगेच्या पानासारखं दिसतं म्हणून पडलेलं, आणि त्यानेही बराच घोळ झालाय, लोक अंबाडीचा फोटो टाकून खाली गांजाचा इतिहास लिहितात. म्हणून नियम असा की 'हेम्प' दिसलं की त्याच ओळीत किंवा तळटीपेत शास्त्रीय नाव शोधायचं. कॅनाबिस असेल तरच पुढे जायचं. हिबिस्कस किंवा क्रोटॅलारिया असेल तर तो दोरखंडाचा आणि गोणपाटाचा इतिहास आहे, चांगलाच आहे, पण वेगळा आहे.

दुसरा घोळ गुंजेचा. सोनार वजनाला वापरायचे ती लाल-काळी गुंज, तिचं स्पेलिंग जुन्या इंग्रजीत असं करतात की गांजा वाटावा. आणि उलटं, गांजा हा शब्द कधी 'ए' घालून लिहिलाय कधी 'यू' घालून, कधी शेवटी 'एच' लावून. भांगेचं पोर्तुगीज वळणाचं रूप आणखी वेगळं. स्कॅन केलेल्या पुस्तकात सर्च मारताना ही सगळी रूपं एकेक करून टाकायची, आणि नाशिक सुद्धा 'एस'ने लिहिलेलं असतं हे विसरायचं नाही, नाहीतर काहीच सापडत नाही आणि वाटतं की नोंदच नाही.

तिसरा घोळ संस्कृत ग्रंथांचा. भांगेला विजया म्हणतात हे सगळ्यांना माहितीये, भावप्रकाशासारख्या निघंटूंमध्ये (औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांमध्ये) तसं आहे, पण हिरड्याच्या सात प्रकारांपैकी एकाचं नावही विजयाच आहे! म्हणजे एखाद्या जुन्या श्लोकात विजया आली की ती भांग असं धरून चालायचं नाही, आधी बघायचं की वर्ग कुठला चाललाय, गुण काय सांगितलेत, सोबत बेहडा-आवळा आहेत का. या उलट शारंगधर संहितेत मात्र शंकेला जागा नाही, तिथे व्यवायी द्रव्याची, म्हणजे पचायच्या आधीच सगळ्या अंगात पसरणाऱ्या द्रव्याची, उदाहरणं म्हणून भंगा आणि अफू जोडीने दिलेत, गुणधर्मच असा की दुसरं काही असू शकत नाही.

आणि एक छोटं, पहाडी दुकानातून कोणी 'भांगजीरा' आणला तर ते भांगेचं बी नव्हे, ती पेरिला नावाची तुळशीच्या कुळातली वेगळी वनस्पती आहे. चटणी छान होते.

दुसरी पायरी: १८९३-९४ चा हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल

ज्याला एकच गोष्ट वाचायचीये त्याने ही वाचावी. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न उठला की हिंदुस्थानात गांजा-भांगेने लोक वेडे होतात का, आणि त्यावर १८९३ मध्ये आयोग नेमला गेला, अध्यक्ष मॅकवर्थ यंग, त्यात तीन हिंदी सदस्यही होते. ११९३ साक्षीदार तपासले, सात खंडांचा अहवाल १८९४ मध्ये आला, आणि निष्कर्ष निघाला की माफक वापराने सहसा गंभीर नुकसान होत नाही, अति वापराने होतं, सरसकट बंदी घालायची गरज नाही, नियंत्रण आणि कर ठेवा. निष्कर्षावर लोक भांडतात, भांडू दे. आपल्याला त्यातला शेतीचा भाग पाहिजे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तो फुकट ऑनलाइन ठेवलाय.

यात बंगालमधल्या नौगावचा, जो आता बांगलादेशात आहे, पट्टा फार बारकाईने दिलाय, डेव्हिड प्रेन या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये त्या लागवडीवर वेगळा रिपोर्टही लिहिलेला. तिथे नर झाडं ओळखून उपटून टाकणारा एक खास जाणकार माणूस असायचा, त्याला पोद्दार किंवा परखदार म्हणायचे, शेतकरी त्याला पैसे देऊन बोलवायचे कारण नर राहिला की मादीला बी धरतं आणि माल हलका होतो. मध्य प्रांतात खांडवा, निमाडचा भाग. आणि मुंबई इलाख्यात मुख्य नाव येतं अहमदनगरचं (आता अहिल्यानगर), त्यानंतर सातारा वगैरे. म्हणजे सिन्नर-संगमनेरच्या पलीकडचा जो कोरडा दख्खनी पट्टा आहे, काळी माती, बेताचा पाऊस, तिथे हे वाण घडलं. हे हिमालयातून आलेलं जंगली झाड नव्हतं, शेतात पेरलेलं, निगा राखलेलं पीक होतं. ही गोष्ट वाचली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं की मलाण्याच्या नावाने जगभर बोललं जातं आणि दख्खनच्या वाणाचं साधं वर्णनही मराठीत कुठे सहज मिळत नाही.

वाचायचं कसं. पहिल्या खंडात मुख्य अहवाल आहे, त्यातली झाडाबद्दलची आणि लागवडीबद्दलची प्रकरणं आधी वाचा, मुंबईचा भाग जिथे येतो तिथे खूण करा. मग मुंबई इलाख्याच्या साक्षी आहेत त्या खंडात जा, तिथे कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, मिशनरी, वैद्य, सावकार अशा सगळ्यांची लेखी उत्तरं आहेत. प्रत्येक साक्षीत बघायचं की हा माणूस स्वतः बघितलेलं सांगतोय की ऐकलेलं, आणि कुठल्या तालुक्याचं सांगतोय. मामलेदाराची दोन ओळींची साधी साक्ष मला एखाद्या मोठ्या साहेबाच्या दोन पानी मतापेक्षा जास्त कामाची वाटते, कारण त्याने शेत पाहिलेलं असतं. आणि एकमेकांशी न जुळणारी उत्तरं आली तर दोन्ही उतरवून घ्या, आपल्याला पटतं तेवढंच उचलू नका.

या अहवालात आणखी एक सोनं आहे. आयोगाने सगळ्यांना एकच प्रश्नावली पाठवली होती, ७० प्रश्नांची, आणि तिच्यात सुरुवातीलाच विचारलंय की तुमच्या जिल्ह्यात हे झाड आपोआप उगवतं का, त्याला कायकाय नावं आहेत, ती सगळी नावं एकाच झाडाची आहेत का, कसली जमीन आणि किती पाऊस लागतो, लागवड होत असेल तर गांजासाठी की धाग्यासाठी की बियांसाठी. हीच प्रश्नावली मराठीत करून घ्या. पुढे आजी-आजोबांशी बोलताना तीच वापरायचीये.

वनस्पतीशास्त्राची पुस्तकं आणि हर्बेरियम

नाशिक जिल्ह्याची फ्लोरा, म्हणजे सगळ्या वनस्पतींची नोंद, लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांनी केलेली, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये काढली. ती बघा. त्याआधीची म्हणजे डालझेल आणि गिब्सनची १८६१ ची आणि थिओडोर कुकची १९०१ ते १९०८ मध्ये आलेली मुंबई इलाख्याची फ्लोरा. जुन्या पुस्तकात हे झाड कॅनाबेसी कुळाखाली सापडलं नाही तर निराश होऊ नका, हूकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाच्या काळात ते अर्टिकेसी कुळात घालायचे, तिथे बघा. या पुस्तकांत दोन शब्दांना फार महत्त्व आहे: लागवडीखालचं की लागवडीतून निसटून उगवलेलं. निसटलेलं असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आसपास कधीतरी शेती होती किंवा वस्ती होती.

हर्बेरियममधले, म्हणजे वाळवून जपलेले, खरे नमुने बघायचे तर पुण्याला सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि मुंबईत झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, आधी मेल करून परवानगी घ्यायची, कॉलेजच्या सरांचं पत्र असलं तर बरं पडतं. नमुन्याच्या शीटवर कोपऱ्यात लेबल असतं, त्याचा फोटो काढू देत असतील तर काढा नाहीतर हाताने उतरवा: गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख, गाव, उंची, आणि "शेताच्या कडेला", "देवळाजवळ", "उकिरड्यावर" अशी टीप. मला विचाराल तर ती टीपच सगळ्यात मोलाची, झाड माणसासोबत कसं राहत होतं ते तिच्यातून कळतं.

इंडिका-सटायव्हा आणि बी विकणाऱ्यांचे दावे

लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिलं, त्याच्यासमोर युरोपातलं धाग्याचं झाड होतं. १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी काढली, कारण हे झाड त्याला जास्त फांद्यांचं, कडक खोडाचं, धाग्याला निरुपयोगी आणि नशेचं वाटलं. म्हणजे मूळची इंडिका आपली, बारीक पानाची. पण १९७० च्या दशकात अफगाणिस्तानातल्या बुटक्या, रुंद पानाच्या झाडांना इंडिका म्हणायला सुरुवात झाली आणि बाजारात तेच चिकटलं, आणि आपल्या दख्खनी-केरळी वाणांना सटायव्हा म्हणायला लागले. अगदी उलटं. २०२० मध्ये मॅकपार्टलंड आणि स्मॉल यांनी नीट वर्गीकरण केलं, त्यात दक्षिण आशियातलं शेतात घडलेलं झाड आणि हिमालयातलं जंगली झाड यांना इंडिकाखालीच दोन वेगळे प्रकार म्हणून धरलंय आणि अफगाणी वेगळं. जंगली झाडाचं बी बारीक, ठिपक्यांचं आणि पिकलं की गळून पडणारं, शेतातल्याचं मोठं आणि झाडावर टिकणारं.

हे एवढं कळलं की ऑनलाइन "प्युअर इंडियन लँडरेस" म्हणून जे विकतात त्यांचे दावे तुम्हालाच तपासता येतात. विचारा की गाव कुठलं, कोणत्या साली गोळा केलं, आसपास बाहेरचं बी होतं का, नमुना कुठल्या संस्थेत ठेवलाय का. इडुक्की गोल्ड, शीलावती, मलाणा क्रीम ही बाजाराची नावं आहेत, त्यांच्यामागे खरी जागा आहे पण नावावरून वाण सिद्ध होत नाही. हिमाचलच्या खोऱ्यांमध्ये परदेशी लोकांसोबत बाहेरचं बी शिरल्याचं तिथले लोकच सांगतात, आणि वाऱ्यावरचं परागीभवन असल्यावर पुढे काय झालं असेल ते वर सांगितलंच. असं बी मागवूही नका, पोस्टाने आलं तरी पेरलं की गुन्हाच. कायदेशीर परवानगीने या झाडावर काम करणाऱ्या संस्था आहेत, जम्मूची सीएसआयआरची आयआयआयएम ही औषधी संशोधन संस्था त्यातली एक, तिथल्या शास्त्रज्ञांचे पेपर वाचा.

फार जुने दावे कसे तोलायचे

"वेदांत आहे", "पाच हजार वर्षं", असं सारखं ऐकू येतं. अथर्ववेदात ११ व्या कांडात सहाव्या सूक्ताच्या १५ व्या ऋचेत सोम, दर्भ, भंग, यव आणि सह अशी पाच नावं येतात, हे खरं. पण तिथे ना झाडाचं वर्णन आहे ना वापराचं, म्हणून ती आजचीच भांग का यावर अभ्यासकांचे वाद आहेत. ऋचा उतरवा, वादही उतरवा.

याहून ठोस पुरावा तर आपल्या जवळच आहे. वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले, राजदेव सिंग आणि सरदेसाई यांचा पेपर २०१६ मध्ये करंट सायन्समध्ये आला, त्यांचं म्हणणं असं की त्यामुळे गिलाव्याला कीड लागली नाही, आणि अजिंठ्याच्या गिलाव्यात हे नाही म्हणून तिथे किड्यांनी चित्रांचं नुकसान केलं. म्हणजे मराठवाड्यात हजार-पंधराशे वर्षांपूर्वी हे झाड बांधकामाला लागेल एवढं उपलब्ध होतं. एवढंच म्हणता येतं! ते वाण कुठलं, नशेचं की धाग्याचं, तिथेच पेरलेलं की बाहेरून आणलेलं, हे गिलावा सांगत नाही, आणि आपणही आपल्या मनाने जोडू नये.

मूळ कुठलं म्हणाल तर परागकणांच्या अभ्यासावरून मॅकपार्टलंड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तिबेटच्या पठाराकडे बोट दाखवलं, साधारण २.८ कोटी वर्षांपूर्वी, आणि भारतात परागकण सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीपासून दिसतात. आणि २०२१ च्या ११० जनुकसंचांच्या अभ्यासात माणसाने हे झाड पहिल्यांदा पूर्व आशियात, साधारण १२ हजार वर्षांपूर्वी, पिकात आणलं असं निघालं. म्हणजे झाड आपल्याकडे जन्मलं नाही, पण इथल्या शेतकऱ्यांनी इथल्या हवेत त्याला घडवलं, ते श्रेय त्यांचंच आणि ते छोटं नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने गोव्यात १५६३ मध्ये भांगेवर लिहिलं, मलबारच्या डच ग्रंथात सतराव्या शतकाच्या शेवटी नर-मादी झाडांची वेगवेगळी मल्याळी नावं चित्रांसकट आली, या सगळ्या नोंदी जागा आणि साल सांगतात म्हणून कामाच्या.

माणसांशी बोलणं

हे सगळ्यात घाईचं काम आहे कारण सरकारी ठेक्याची, म्हणजे परवान्याची, गांजाची दुकानं स्वतः पाहिलेली माणसं आता नव्वदीला टेकलीत. कागद अजून पन्नास वर्षं राहतील, माणसं नाही.

थेट गांजापासून सुरुवात करायची नाही. कोणाच्याही घरी जाऊन असं विचारलं की ते दचकतात, पोरं-सुना आत बोलवून घेतात म्हाताऱ्या माणसाला, आणि त्यांचं बरोबरच आहे. अंबाडीपासून सुरू करा. "आज्जी, तुमच्या माहेरी अंबाडी करायचे का? वाख (धागा) कोण काढायचं? दोर घरीच वळायचे का?" आज्जी खुलतात एकदम, भाजीपासून दोरापर्यंत सगळं सांगतात, आणि ओघात बाकीची झाडं येतातच. आजोबांना जनावरांचं विचारा, "बाबा, बैल दमला, त्याला थंडी भरली तर पूर्वी काय औषध द्यायचे?" जनावरांना भांग-गांजा औषध म्हणून द्यायचे हे कमिशनच्या अहवालातही आहे, त्यामुळे इथे कागद आणि तोंडी माहिती जुळवता येते. मग ठेक्याचं दुकान कुठल्या पेठेत होतं, कधी बंद झालं, माल कुठून यायचा म्हणायचे, नगरकडून की खांडव्याकडून, दिसायला कसा असायचा, चपटा की गोल. शिमग्याला, महाशिवरात्रीला, रंगपंचमीच्या रहाडीच्या (रंगाच्या हौदाच्या) वेळी घरी काय करायचे.

नाव लिहू नका. "सिन्नर तालुका, पुरुष, नव्वदीच्या आसपास, शेतकरी" एवढं पुरे. रेकॉर्डिंग विचारून करा, नको म्हणाले तर फोन खिशात ठेवा आणि घरी येऊन लिहा. कोणी आजच्या काळातलं काही सांगायला लागलं, कोणाच्या शेतात वगैरे, तर तिथेच हळूच विषय बदला, लिहूनही ठेवू नका. बाहेर फिरताना झाड दिसलं तर हात लावायचा नाही, आणि लोकेशनसकट फोटो कुठे टाकायचा नाही.

साधूंशी बोलायचं असेल तर शैव आखाडे त्र्यंबकला आणि वैष्णव नाशिकला तपोवनाकडे असतात, परंपरा दोन्हींच्या वेगळ्या, त्यामुळे एका महाराजांनी सांगितलेलं दुसऱ्यांना लावू नका. पर्वणीच्या गर्दीत कोणाला वेळ नसतो, आधी किंवा नंतर जा, खाली बसून बोला, "महाराज, आपके गुरुजी के समय में" अशी सुरुवात केली की जुनं निघतं. आणि त्यांच्याकडे आत्ता काय आहे, कुठून आलं, हे विचारणं असभ्यपणाचंही आहे आणि धोक्याचंही.

नोंद कशी लिहायची आणि कुठे ठेवायची

एक साधी वही किंवा एक्सेल, काहीही चालेल, पण प्रत्येक माहितीपुढे हे लिहिलेलं पाहिजे: कोणी सांगितलं किंवा कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर, कुठल्या काळाबद्दल, कुठली जागा, तिथे वापरलेलं नाव जसंच्या तसं, आणि झाड कशासाठी वापरायचे. शेवटी एक रकाना स्वतःच्या खात्रीचा, पक्कं, बहुतेक, शंका आहे. हा रकाना टाळू नका. जागा, नाव आणि वापर या तीनपैकी दोन तरी वेगवेगळ्या ठिकाणांहून जुळल्याशिवाय "हे अमुक वाण" असं लिहायचं नाही. मला विचाराल तर "शंका आहे" असं लिहिलेली वीस पानं ही खात्रीने लिहिलेल्या एका खोट्या पानापेक्षा पुढच्या माणसाला जास्त उपयोगी पडतात.

जुनी पुस्तकं बघायला नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं, तिथल्या संदर्भ विभागात बसून गॅझेटियर चाळायला हरकत नाही. अबकारी खात्याचे जुने कागद बघायचे तर मुंबईचं पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं, १८७८ चा अबकारी कायदा आल्यावरचे ठेके-परवाने तिथे शोधा, आणि त्याआधीचं पेशवेकालीन हवं असेल तर पुण्याचं, पण तिथे मोडी वाचणारा सोबत पाहिजे.

आणि तयार झालेली नोंद स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ठेवून देऊ नका. गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याप्रमाणे, तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, तिथे अंबाडी, ताग आणि जुन्या वापरांची माहिती देता येते, फक्त भांगेची कुठलीही जागा दाखवणारा तपशील आधी काढून टाका. एक प्रिंट वाचनालयाला द्या, एक कॉलेजच्या बॉटनीच्या विभागात, आणि पीडीएफ इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, मराठीत, नावात "नाशिक" आणि "अहमदनगर" दोन्ही शब्द टाकून, म्हणजे पुढे कोणी शोधलं तर सापडेल.

ज्यांच्याकडे आजी-आजोबांकडून ऐकलेलं ठेक्याच्या दुकानाचं किंवा अंबाडी-भांगेच्या जुन्या वापराचं काही असेल त्यांनी तालुका आणि अंदाजे साल टाकून खाली लिहा, माणसाचं नाव नको. येवला, चांदवड आणि मालेगावकडचं फारसं काहीच माझ्या हाताला लागलेलं नाही, तिकडच्यांनी आधी लिहा.